तांदळातलं नाव

मी इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही. संकोच म्हणून नव्हे. नावं लिहिण्याचंच काम मी लातुरात अठराएक वर्षं केलं, आणि त्यातल्या एका नावापायी जे झालं त्यानंतर माझा स्वतःच्या अक्षरावरचा विश्वास उडाला. अक्षर मात्र सुंदर होतं. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी छड्या मारून वळवलेलं.

आम्ही मूळचे मुखेडचे. दहावीला मला बरे गुण पडले तशी वडिलांनी मला ट्रंकेसकट एसटीत बसवलं आणि लातूरला मावशीकडे पाठवून दिलं. मुलगी सायन्सला, तीही लातुरात, म्हणजे डॉक्टर झाल्यातच जमा, असं त्यांनी शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलं. बाजारात तुरी, तसला प्रकार. बारावीला मी केमिस्ट्रीत आपटले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा "आता काय करणार?" एवढंच बोलले. मावशीच्या गल्लीत एक व्हिडिओ लायब्ररी होती. तिथे रजिस्टर लिहायला मुलगी हवी होती. मी गेले.

लायब्ररीचा मालक खटपट्या माणूस होता. त्याने गच्चीवर डिश बसवली, विजेच्या खांबांवरून आणि दोन कडुनिंबांवरून वायर ओढत आधी आमची गल्ली, मग शेजारची, मग अर्धा गाव जोडला. दिवसाला दोन सिनेमे लावायचा. एक दिवस त्याच्या डोक्यात आलं की आपलं स्वतःचं चॅनेल पाहिजे. मागच्या खोलीत निळा पडदा टांगला, टेबलाला टेबलक्लॉथ घातला आणि मला समोर बसवून म्हणाला, "वाच." आमच्या चॅनेलची पहिली बातमी उद्या नळाला पाणी येणार नाही ही होती. पुढेही वर्षानुवर्षं मी तीच वाचत राहिले, फक्त गल्लीचं नाव बदलायचं. घरोघर मला केबलवाली ताई म्हणू लागले. वडिलांनी ते कधी पाहिलं नाही, मुखेडपर्यंत आमची वायर जात नव्हती.

बातम्या दहा मिनिटं. बाकीचा वेळ भरायचा कशाने? लग्नांनी. आमचे कॅमेरामन मेंदी लावलेल्या दाढीचे, पन्नाशीकडे झुकलेले, सगळे त्यांना मामू म्हणायचे. ते आसपासच्या गावांतल्या लग्नांचं शूटिंग करायचे आणि दुपारी आम्ही ती लग्नं चॅनेलवर लावायचो. बायका जेवणं उरकून परक्यांच्या लग्नातले दागिने बघत बसायच्या. खेड्यात तेव्हा व्हिडिओ कुणाकडे असायचा? लोक म्हणायचे, राहू द्या कॅसेट तुमच्याकडंच, येऊ कवातरी बघायला. त्यामुळे मांडणीवर लग्नांच्या कॅसेटींची थप्पी चढत गेली.

मामू कॅसेट आणून टेबलावर टाकायचे, त्यावर ना नाव ना गाव. विचारलं तर म्हणायचे, "मेरेकू क्या याद रहता बेटी, एक सीझन में कित्ते लगनां करा मैं." म्हणून मी एक युक्ती काढली. आडनाव आणि गाव मामूंच्या वहीत असायचं, पण एका गावात एका आडनावाची निम्मी घरं. तेव्हा ओळख पटवायची नवरीवरून. वरात नवऱ्याच्या घरी पोहोचली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नाव लिहितो. मामू हा प्रसंग जवळून घ्यायचे, आणि तो नेमका कॅसेटच्या शेवटाला यायचा. मी कॅसेट शेवटापर्यंत पळवायची, तांदळातलं नाव वाचायची आणि तेच लेबलावर आणि रजिस्टरच्या तिसऱ्या रकान्यात लिहायची. पाहुण्यांना विचारणं नाही, ऐकण्यात चूक नाही. साक्षात नवऱ्याच्या हातचं अक्षर. मालकाने माझं कौतुक केलं आणि मी ते बरेच दिवस अंगावर मिरवलं.

मग भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, आम्ही मिरवणूक दाखवली होती. पहाटे लातूर हललं, आम्ही रस्त्यावर आलो आणि सकाळी कळलं की आपण वाचलो ते वाचलो, औसा-उमरग्याकडची गावं राहिली नाहीत. माळवदाची घरं ती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर हात-दीड हात मातीचं छत. उन्हाळ्यात थंड राहतात म्हणून आम्हीच कौतुक करायचो. मालक आणि मामू कॅमेरा घेऊन गेले. संध्याकाळी मामू परतले ते पायरीवर बसूनच राहिले. कॅमेऱ्यात त्यांनी फार काही घेतलं नव्हतं. "मैं वो घरां में खाना खाया बेटी," एवढंच ते बोलले.

त्यानंतरचे दिवस मी याद्या वाचल्या. दवाखान्यात कोण आहे, कोण कुणाला शोधतंय, कोण सापडलं. लोक चिठ्ठ्या आणून द्यायचे, पेन्सिलने लिहिलेल्या, घामाने ओल्या. मी निळ्या पडद्यासमोर बसून वाचायची. आवाज कापू नये म्हणून टेबलाखाली पायाचे अंगठे घट्ट दाबून धरायची. एकदा कुणीतरी म्हणालं की ताई वाचते छान, आणि मला त्या शब्दांची किळस आली.

दिवाळी कुणी केली नाही. त्या सुमारास लोक लग्नाच्या कॅसेटी मागायला येऊ लागले. घरं गाडली गेली, त्यांत अल्बम गेले, भिंतीवरच्या तसबिरी गेल्या. मेलेली माणसं हलतीबोलती उरली होती ती फक्त आमच्या मांडणीवर. एक म्हातारा आपल्या चार भावांना एका पंगतीत जेवताना बघून गेला. त्याला मी पाणी दिलं, त्याने ते घेतलं नाही.

आणि एक बाई आली लातूरजवळच्या मुरुडहून. चाळिशीची असेल, डोक्यावर पदर, हातात पिशवी. काउंटरला धरून उभी राहिली.

"बाई, माझ्या लेकीच्या लग्नाची कॅसेट तुमच्याकडं हाय म्हनं."

लेक दीड वर्षापूर्वी त्या भागात दिलेली. सासरचं घर सगळंच्या सगळं गेलं. सासू, सासरे, दीर, जावई, लेक. मागे कुणी राहिलंच नाही. मी विचारलं, घरी एखादा फोटो? ती म्हणाली, "शाळंतला एक व्हता. त्यो बी तिनंच नेला, नवऱ्याला दावायला."

मी जावयाचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मुलीचं नाव विचारलं. तिने सांगितलं. रजिस्टरमध्ये त्या गावच्या, त्या आडनावाच्या सात कॅसेटी होत्या. मी तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. ते नाव नव्हतं. पुन्हा फिरवलं. नव्हतं.

"नाही मावशी. दुसऱ्या कुणी शूटिंग केलं असेल."

"हितलाच मानूस व्हता. लाल दाढीचा."

मामू तेव्हा बाहेरगावी होते. आले तेव्हा विचारलं, तर त्यांना ते सगळं गावच आता एक होऊन आठवत होतं. सात कॅसेटी होत्या. पळवत बघितल्या असत्या तर दोन-तीन तासांचं काम. पण व्हिडिओ एकच, तो सिनेमात गुंतलेला, आणि माझ्यापुढे रजिस्टर होतं. ती बाई त्यानंतर तीनदा आली. दर वेळी मी रजिस्टर उघडायची, बोट फिरवायची, मान हलवायची. शेवटच्या खेपेला मी वैतागले. म्हणाले, "मावशी, रजिस्टर खोटं बोलत नाही." तिने त्या रजिस्टरकडे एकदा बघितलं, पिशवी उचलली आणि गेली. तरी मी तिच्या लेकीचं नाव, माहेरच्या आडनावासकट, एका कागदावर लिहून ठेवलं. मागणी आलेल्या, पण न सापडलेल्या कॅसेटींचा तो कागद मी खिळ्याला टोचला होता.

मग काही वर्षांतच लातूरला दुसरा धक्का बसला, तो शिकवण्यांचा. आमच्या लातूर पॅटर्नचं नाव झालं आणि नांदेड, भोकर, बीड, परभणी, कुठकुठून पोरं येऊ लागली. ज्या गल्लीत आम्ही भूकंपग्रस्तांसाठी भाकरी गोळा केल्या त्याच गल्लीत घरमालकांनी एकेका खोलीत चार-चार पलंग टाकले. आमच्या चॅनेलवर लग्नं बंद झाली. सकाळ-संध्याकाळ लेक्चर, मधल्या वेळेत गुणवंतांचे सत्कार. मी आता पुन्हा याद्याच वाचत होते. रस्त्यात बायका अडवून विचारायच्या, "ताई, आमच्या पोरीचं नाव आलं का हो यादीत?" हाच प्रश्न ह्याच रस्त्यावर मी आधी ऐकला होता. ते मनात आलं की मी भराभर चालायची.

लेक्चर भरायला कोऱ्या कॅसेटी पुरेनात. मालक म्हणाला, "त्या पडलेल्या गावांच्या काढ की. आता कोण येणार हाय न्यायला?" माणूस वाईट नव्हता. त्याने भूकंपात दोन ट्रक धान्य नेलं होतं. मी हो म्हणाले, पण माझ्या शिस्तीने. आधी खिळ्याचा कागद काढला, रजिस्टरशी पुन्हा ताडून पाहिला. ज्यांच्यासाठी कुणी येऊन गेलं होतं त्या कॅसेटी बाजूला काढून बांधल्या आणि वर "पुसू नये" असं लिहिलं. उरलेल्यांना कुणी विचारलं नव्हतं, किंवा मला तसं वाटलं.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक लहानशी चकती असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. लग्नं जपून राहावीत म्हणून मामू प्रत्येकीची चकती स्वतः मोडून ठेवायचे. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं. मी एका दुपारी बसून सगळ्यांना चिकटपट्ट्या लावल्या, जुन्या लेबलांवर नवी लेबलं डकवली, केमिस्ट्री भाग एक, भाग दोन. मामू शेजारी बसले होते. त्यांनी मदत केली नाही आणि अडवलंही नाही. पुसताना जुनं चित्र दिसत नाही. लाल बटण दाबायचं, की नवं उमटत जातं. मी ज्या विषयात नापास झाले होते तो विषय त्या लग्नांवर चढत गेला.

बरीच वर्षं गेली. सेट-टॉप बॉक्स येणार म्हणून चॅनेलला घरघर लागली होती. मालक सत्काराच्या जाहिरातींवर कसंबसं भागवत होता. दहावीच्या निकालानंतर एका क्लासने गुणवंतांची यादी पाठवली आणि मी ती वाचत असताना एका नावाशी अडखळले. मुरुडची मुलगी. खिळ्याच्या कागदावरचं तेच नाव, माहेरचं तेच आडनाव.

मुलाखत घ्यायला मी आणि मामू मुरुडला गेलो. अंगणात रांगोळी, दारात चपलांचा ढीग, पेढे. मुलगी चुणचुणीत होती. आजी दाराशी ज्वारी निवडत बसली होती. मी ओळखलं. तिनेही ओळखलं आणि पुन्हा ज्वारीत बोटं घातली.

कॅमेरा बंद झाल्यावर मी मुलीला म्हणाले, "नाव छान आहे गं."

"आत्याचं हाय. भूकंपात गेली ती." मग आजीकडे बघत आवाज उतरवून म्हणाली, "सासरी तिचं नाव बदललं होतं. आज्जी ते घरात कुणालाच घेऊ देत न्हाई."

"काय होतं?"

तिने कानात सांगितलं. टीव्हीवरच्या कुठल्याशा नायिकेचं नाव, त्या काळी सासरी सुनांना सर्रास ठेवायचे ते. सातांपैकी चौथी कॅसेट. ते लेबल मी लिहिलं होतं आणि मीच झाकलं होतं. ध चा मा करणारीने निदान एक अक्षर तरी बदललं होतं. मी एक अक्षरही बदललं नाही, जसं तांदळात होतं तसंच उतरवलं. माझं स्वतःचं लग्न झालं तेव्हा माझंही नाव असंच ताटात बदललं होतं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

परतताना गाडीत मामूंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पोती उपसून आम्ही कॅसेट शोधली. केमिस्ट्री, भाग सहा. एकेकीचं वरचं लेबल पाणी लावून सोलत तिच्यापर्यंत पोचलो. खाली माझं सुंदर अक्षर. मामूंनी त्यांचं जुनं मशीन आणून जोडलं. लेक्चर संपलं, पडद्यावर खरखर झाली आणि मग उरलेलं लग्न आलं. लग्न तीन तासांचं आणि लेक्चर त्याहून थोडं तोकडं, म्हणून शेवटचा तुकडा वाचला होता. जेमतेम मिनिटभराचा.

मी मुलीला फोन करून म्हणाले, कॅसेट सापडली. एवढंच म्हणाले. पुढचं बोलायची हिंमत झाली नाही.

दोघी दुसऱ्याच दिवशी आल्या. आजीने धुवट लुगडं नेसलं होतं, माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. मी तिला खुर्ची दिली, ती खालीच बसली, पडद्याच्या अगदी जवळ. मी आधी तो शेवटचा तुकडा लावला. पितळी ताट. पसरलेले तांदूळ. अंगठी धरलेला पुरुषाचा हात हळूहळू अक्षरं काढतोय. ताटाच्या काठावर दुसरा हात, हिरव्या बांगड्यांनी भरलेला, मनगटाजवळ भाजल्याचा डाग. तोंड दिसत नाही. मागे बायकांचा गलका, आणि एक आवाज, "वाच की गं, वाच." मग हातवाली हसते आणि लाजत ते नाव वाचते. मागे माळवदाखालची जाड भिंत. तिथे कॅसेट संपते.

"हात तिचाच," आजी म्हणाली. "तव्यानं भाजला व्हता." मग म्हणाली, "पुन्ना लाव."

मी चार-पाच वेळा लावलं. मग ती सावरून बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता पैल्यापास्नं लाव माय. मला तिचं त्वांड बगायचंय."

मी सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर कॅसेट मागे फिरवली आणि लावली. पडद्यावर मास्तर आले, फळ्यावर सूत्र लिहू लागले. आजी बघत बसली. मांडव अजून यायचा आहे असं समजून बघत बसली. नात माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. मामू उठून बाहेर गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आजीने एकदाही पापणी हलवली नाही.

"ह्यो मास्तर कवा उठायचा?" तिने विचारलं.

मी मशीन बंद केलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, मावशी, आता त्यात काही नाही. मी पुसलं. तुम्ही सांगितलेलं नाव रजिस्टरात नव्हतं, तिथे सासरचं होतं. मी बघितलंच नाही. मला रडू येत होतं आणि मी रडत होते, याची मला लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क तिचा होता.

ती रडली नाही. बंद पडद्याकडे बघत म्हणाली, "ते नाव मला नगं व्हतं. न्हानपणापास्नं हाक मारलेलं नाव एका दिसात टाकून द्याचं म्हनं. म्हनून कंदी घेतलं न्हाई म्या." मग माझ्याकडे वळली. "पर तू इचारायचं व्हतंस की गं माय, सासरचं नाव काय म्हनून. घेतलं असतं की मी. तेवढ्यापुरतं घेतलं असतं."

आणि तिने ते घेतलं. काउंटरशी उभं राहून सांगतात तसं, आधी लेकीचं ते नाव, मग जावयाचं, मग आडनाव, मग गाव. नातीने मान खाली घातली. टेबलावर रजिस्टर होतं, पेन होतं. मी ते लिहून घेतलं नाही.